घंगाळाचे भोक

पुण्यात घरापुढच्या चार हात जागेत ठेवण्यासाठी मोठी, पसरट, वाडग्याच्या आकाराची कुंडी शोधायला निघालेल्या माणसाला आजकाल तीनपैकी एक उत्तर मिळते. रोपवाटिकेत गेल्यास फायबरचा 'बाऊल' पुढे येतो. सिमेंटच्या कुंड्या ओतणाऱ्याकडे गेल्यास नक्षीदार कडांचा, पायावर उभा असलेला जड पेला मिळतो. आणि ज्यांच्या अभिरुचीवर आपला विश्वास आहे अशा एखाद्या स्नेह्याला विचारल्यास तो सांगतो, "एखादे जुने घंगाळ बघा. खालून एक भोक पाडून घेतले की झाले." पहिली दोन उत्तरे आम्हाला फारशी रुचत नाहीत, पण त्यांच्याविषयी आमची तक्रारही मोठी नाही. तिसरे उत्तर मात्र आम्हाला आक्षेपार्ह वाटते; आणि तिघांत तेच सर्वांत सुसंस्कृत समजले जाते, म्हणून अधिकच आक्षेपार्ह वाटते. हा लेख त्या भोकाविरुद्ध आहे.

मूळ मागणी रास्त आहे हे प्रथम मान्य करू. उंच कुंडीत एक झाड उभे राहते. पसरट कुंडीत फुलांचा ताटवा बसतो. हिवाळ्यात पेटुनिया, फ्लॉक्स किंवा बुटका झेंडू, उन्हाळ्यात सकाळी दहाला उमलणारे ऑफिस टाइम, ही सगळी उथळ मुळांची झाडे आहेत. त्यांना खोली नको, पैस हवा. वरून पाहिले असता माती दिसू नये आणि कडेवरून फुले बाहेर ओघळावीत, ही शोभा वाडग्याच्या आकारातच साधते. दरवर्षी जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात अशा कुंड्यांपुढे पुणेकर घोळक्याने उभे राहतात आणि घरी येऊन आपल्या फाटकाकडे नव्या नजरेने पाहतात. या हौसेची चेष्टा करण्याचा आमचा मुळीच विचार नाही. डेक्कन जिमखाना, प्रभात रोड, एरंडवणे या भागांतले बंगले एकामागून एक पडून त्यांच्या जागी इमारती उभ्या राहत असताना दारापुढे उरलेल्या चार फरशांवर कोणाला फुले फुलवावीशी वाटत असतील, तर त्यात या शहराचे भलेच आहे.

प्रश्न आहे तो त्या फुलांना कशात बसवायचे हा. हा प्रश्न केवळ सजावटीचा नाही, असे आमचे म्हणणे आहे.

घंगाळ म्हणजे काय हे आता सांगावे लागते, म्हणून सांगतो. घंगाळ हे न्हाणीचे भांडे. तांब्याचे किंवा पितळेचे, रुंद तोंडाचे, गोल पोटाचे, उचलायला दोन बाजूंना दोन कड्या असलेले. बंबातले कढत पाणी त्यात ओतायचे, वरून विसण घालायचे, बोटे बुडवून पाहायचे, आणि मग तांब्याने अंगावर घ्यायचे. तोंड रुंद असायचे ते तांब्या सहज बुडावा म्हणून. पोट गोल असायचे ते शेवटचा तांब्याभर पाणीसुद्धा तळाशी एकवटावे म्हणून. नरकचतुर्दशीच्या पहाटे हेच घंगाळ चिंच लावून लखलखीत होई, पाटाभोवती रांगोळी निघे आणि घरातले सर्वजण ओळीने त्यातल्या पाण्याने अभ्यंगस्नान करीत. आंघोळीचे भांडे म्हणून त्याला कल्हईची गरज नसे. तांब्याचा रंग आतून-बाहेरून उघडा राही. आज जो रंग 'अँटिक' म्हणून विकला जातो, तो हाच.

घंगाळाचे आणखी एक काम होते आणि ते मानाचे होते. लग्नघरात मुहूर्ताची वेळ साधण्यासाठी पाण्याने भरलेल्या घंगाळात घटिकापात्र सोडत. तळाला बारीक छिद्र असलेली ही तांब्याची वाटी पाणी आत घेत घेत २४ मिनिटांत, म्हणजे बरोबर एका घटकेत, बुडत असे. अक्षता कधी टाकायच्या हे ती वाटी ठरवी आणि तिला घंगाळ सांभाळी. शिवाय भांड्यांवर नावे घालण्याची आपली रीत. कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी दिले, हे टिंबाटिंबांच्या अक्षरांत काठावर कोरलेले असे. जुन्या बाजारात किंवा 'अँटिक'च्या दुकानांत मांडलेली घंगाळे उलटीपालटी करून पाहिली, तर त्यांतल्या कितीतरींच्या काठावर ही अक्षरे अजून वाचता येतात. कोण्या अनोळखी घरच्या लेकीला तिच्या लग्नात मामाने दिलेला आहेर आज वजनावर विकला जातो, त्याच्या तळाला यंत्राने भोक पडते, आणि तिच्या नावासकट तो दुसऱ्याच कोणाच्या फाटकापाशी पेटुनिया मिरवीत उभा राहतो. गिऱ्हाइकाला ते नाव खटकत नाही. उलट वस्तू खरी जुनी असल्याचा तो दाखला ठरतो.

आता बागेच्या बाजूने पाहू. कारण भोक पाडणाऱ्यांचा पहिला बचाव असा असतो की झाडाला ते लागतेच. हे अगदी खरे आहे. कुंडीतल्या मातीच्या तळाशी पाण्याचा एक थर अडकून राहतो आणि त्याची जाडी मातीच्या पोतावर ठरते, भांड्याच्या उंचीवर नव्हे. दोन फूट उंचीच्या कुंडीत तीन इंचांचा चिखलथर मुळांना जाचत नाही; नऊ इंच खोलीच्या पसरट भांड्यात तोच थर तिसरा हिस्सा जागा व्यापतो. तळाशी खडी घातली की निचरा होतो हा समज सर्वत्र आहे, पण तो चुकीचा आहे. ओला थर केवळ खडीच्या वर चढून बसतो. म्हणजे भांडे जितके उथळ, तितकी निचऱ्याची गरज अधिक. पुण्याच्या श्रावणात बिनभोकाच्या घंगाळात लावलेली रोपे पंधरा दिवसांत कुजणार, यात शंका नाही. तेव्हा घंगाळात झाड लावायचे तर भोक अटळ आहे, हे आम्हाला मान्य आहे. मात्र यातून घंगाळाला भोक पाडावे असे सिद्ध होत नाही. घंगाळात झाड लावू नये, एवढेच सिद्ध होते.

त्यात धातू तांब्याचा. तांबे वनस्पतींना अत्यल्प प्रमाणात आवश्यक आणि त्याहून थोडे जास्त झाले की विषारी. नाशिकच्या द्राक्षबागांत आणि कोकणातल्या सुपारीवर बुरशी मारण्यासाठी बोर्डो मिश्रण फवारतात. मोरचूद आणि चुना यांच्या त्या मिश्रणाचा गुण तांब्याचाच असतो. परदेशी रोपवाटिकांत तर कुंडीच्या आतल्या अंगाला तांब्याच्या संयुगाचा लेप मुद्दाम देतात, कारण मुळांची टोके त्या भिंतीला टेकली की वाढायची थांबतात आणि कुंडीत गोल गोल गुंडाळली जात नाहीत. तिथे तो लेप मोजून दिलेला असतो. इथे अख्खे भांडेच तांब्याचे. खते घातलेल्या, आंबूस झालेल्या ओल्या मातीत तांबे हळूहळू झिजते. उन्हात ठेवलेल्या धातूच्या भिंतीपाशी माती किती तापते, हे एप्रिलच्या दुपारी हात लावणाऱ्याला कळेल. थोडक्यात, झाडाच्या दृष्टीने घंगाळ ही वाईट कुंडी आहे. आणि भोक पाडल्यावर भांडे म्हणूनही ते संपते. एका वस्तूचा नाश करून दुसरी वाईट वस्तू मिळवण्याचा हा व्यवहार आहे, आणि त्याला अभिरुची हे नाव आहे.

छिद्र असलेली भांडी आपल्या संस्कृतीला अपरिचित नव्हती. घटिकापात्राचे छिद्र मोजून पाडलेले असे. ते केसभर मोठे झाले तर मुहूर्त चुकला. महादेवाच्या पिंडीवर टांगलेल्या अभिषेकपात्राला भोक असते, कारण थेंबाथेंबाने गळत राहणे हेच त्याचे काम. कुंभार कुंडीच्या तळाला भोक ठेवतो ते माती ओली असताना, बोटाने. ते भोक भांड्याबरोबरच जन्मते आणि भांड्याबरोबरच भाजून निघते. या सर्व ठिकाणी छिद्र हा वस्तूचा गुण आहे. याउलट, पाणी धरण्यासाठी घडवलेल्या आणि आयुष्यभर पाणी धरलेल्या भांड्याला मागाहून भोक पाडण्याचा प्रसंग आपल्याकडे एकच आहे, आणि तो स्मशानात येतो. खांद्यावर मडके घेतलेला माणूस चितेभोवती फिरतो, अश्म्याने मडक्याला भोक पाडले जाते, पाणी सांडत जाते, आणि अखेर मडके फोडले जाते. त्या कृतीचा अर्थ उपस्थितांपैकी कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. आम्ही शकुन-अपशकुनाची भाषा करीत नाही. ज्यांना ती करायची त्यांनी करावी. आम्ही एवढेच म्हणतो की भांडे आणि भोक यांच्या नात्याचा विचार या समाजाने एकेकाळी बारकाईने केलेला होता. दारात भोक पाडलेले घंगाळ ठेवून 'आम्ही परंपरा जपतो' असे म्हणणाऱ्याला त्या विचाराचा मागमूसही नसतो.

आणखी एक गोष्ट. तांब्या-पितळेचे भांडे झिजून गळू लागले की घरची बाई ते तांबटाकडे पाठवी, आणि तो ते बुजवून देई. आपल्या पणज्यांनी भांड्याचे भोक बंद करण्यासाठी पैसे मोजले. आपण ते उघडण्यासाठी मोजतो.

यावर जे उत्तर येते ते वजनदार आहे, आणि त्याला टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. उत्तर असे: ही घंगाळे कोणी वापरणार आहे काय? घरोघर गीझर आला, शॉवर आला, प्लास्टिकची बादली आली. बंब माळ्यावर गेला आणि माळाही वाड्याबरोबर पडला. दोन खोल्यांच्या घरात घंगाळ ठेवायचे कोठे? ते भंगारात जाऊन वितळण्यापेक्षा कोणाच्या दारात कुंडी होऊन राहिले तर बिघडले काय? निदान डोळ्यांसमोर तरी राहील.

आमचे उत्तर असे की वितळणे हा तांब्याचा मृत्यू नव्हे. आपल्याकडे 'मोड' नावाची व्यवस्था होती, आणि धातूंच्या बाबतीत ती अजून पुरती संपलेली नाही. जुने, फुटके, नको झालेले भांडे तांबटाकडे न्यायचे. तो ते वजन करून घेई आणि घडणावळ लावून नवे भांडे देई. आजीचे घंगाळ नातीच्या लग्नात कळशी होऊन येई. त्या तांब्यात किती घरांची किती भांडी मिसळलेली असत, हे कोणालाच सांगता आले नसते, आणि कोणाला त्याची हळहळही नसे. वस्तू जाई, धातू राही, आणि मुख्य म्हणजे घडवणाऱ्याचा हात चालू राही. आज मोड दिलेले तांबे कदाचित भांड्यात जाणार नाही. विजेच्या तारेत जाईल, पाण्याच्या मोटारीच्या गुंडाळीत जाईल. तेही काम आहे. कुंडी झालेले घंगाळ मात्र या फेऱ्यातून कायमचे बाहेर पडते. ते ना भांडे राहते, ना धातू होते. ते शोभा होते आणि हिरव्या गंजाने हळूहळू खाल्ले जाते. भंगारवाल्यापेक्षा आम्ही बरे, असे कुंडीवाल्यांनी मानू नये. भंगारवाला निदान वस्तूचे मोल तांब्याच्या भावाने करतो.

उरला तो वारशाचा मुद्दा. पुण्यात वारसा म्हटले की आम्हाला शुक्रवार पेठेतले राजा दिनकर केळकर संग्रहालय आठवते. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी (१८९६-१९९०) १९२० च्या सुमारास हा संग्रह सुरू केला, अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे नाव त्याला दिले, आणि पुढे तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्यांनी जमवले काय? राजांचे मुकुट नव्हेत. अडकित्ते, दिवे, दौती, दारांच्या चौकटी, स्वयंपाकघरातली भांडी. म्हणजे ज्या वस्तू त्यांच्या काळातला माणूस फेकून द्यायला निघाला होता, त्याच. त्या त्यांनी जशा होत्या तशा ठेवल्या. अडकित्ता पाहणाऱ्याला आजही त्यात सुपारी कशी बसत असेल हे दिसते. वस्तू जपणे याचा अर्थ तिचे काम समजण्याजोगे राहील अशा स्थितीत तिला ठेवणे. घरोघर संग्रहालय काढता येत नाही हे खरे. पण जे जपता येत नाही ते विद्रूप करून त्यालाच जपणे म्हणायचे, ही सोय केळकरांनी घेतली नाही.

शिवाय कोणाचा वारसा आणि कोठे मांडलेला? पेठेतल्या वाड्याला दर्शनी बाग नसे. रस्त्यावरून दिसे ती भिंत, दरवाजा आणि त्यातली दिंडी. तुळशीवृंदावन आत चौकात. कात्रजच्या नळाने भरणारा हौदही बहुधा आतच. आणि घंगाळ तर त्याहून आत, न्हाणीत. वाड्यातली सर्वांत खाजगी जागा तीच. त्या खोलीतली वस्तू फाटकाबाहेर मांडून येणाऱ्याजाणाऱ्याला आपल्या घराण्याच्या जुनेपणाची ग्वाही देणे, हा वाड्याच्या रीतीचा वारसा नव्हे. जो माणूस आपल्या पणजीचे घंगाळ बंबासकट घरात सांभाळून आहे, त्याचा आम्हाला आदर वाटतो. गेल्या रविवारी बाजारातून आणलेल्या परक्या पणजीला दारात उभे करणाऱ्याविषयी तो आदर वाटत नाही.

येथे एक अपवाद नोंदवला पाहिजे. कित्येक लोक घंगाळाला हात न लावता त्यात झाडासकट प्लास्टिकची कुंडी ठेवतात. छपराखाली, पाऊस लागणार नाही अशा ठिकाणी हे चालते. आमचा त्याला विरोध नाही. ते घंगाळ उद्या रिकामे करून पुन्हा पाण्याने भरता येईल. आमचे भांडण मागे फिरता न येण्याशी आहे.

फायबरच्या बाऊलविषयी दोन शब्द. गच्चीच्या स्लॅबवर वजन नको असेल तर हलकी कुंडी घेणे शहाणपणाचे आहे, आणि साध्या रंगाची फायबरची कुंडी ही एक साधी, उपयोगी वस्तू आहे. पण तिला ठोक्यांच्या खुणा छापून, तांब्याचा रंग फासून, वर हिरवट गंजाचे डाग रंगवून विकतात, तेव्हा ते आम्हाला सहन होत नाही. त्या ठोक्यांना तांबट आळीत मठारकाम म्हणतात. हातोडीच्या एकेका ठोक्याने पत्रा घट्ट होतो, त्याला बळ येते आणि चकाकीही येते. ती खूण कामाची असते, नक्षीची नव्हे. पेशवाईपासून कसबा पेठेत नांदणाऱ्या या आळीत ठोक्यांचा आवाज पूर्वीइतका राहिलेला नाही. ज्या आवाजावरून तांबट पक्ष्याला नाव मिळाले तो ओळखायला उद्या पक्षीच तेवढा उरावा, आणि ठोके मात्र फायबरवर छापलेले मिळावेत, हे आम्हाला फार वाईट लक्षण वाटते.

मग कुंडी आणावी कोठून? टीका करणाऱ्याने याचे उत्तर दिले पाहिजे, आणि ते आमच्यापाशी आहे. वाडग्याच्या आकाराची, झाड लावण्याची मातीची वस्तू मराठी घरांत दर आश्विनात येते. घटस्थापनेला कुठे टोपलीत, कुठे पत्रावळीवर, तर कुठे मातीच्या परळात माती पसरून धान्य पेरतात आणि नऊ दिवसांत त्याचे हिरवे अंकुर वीतभर वर येतात. हा परळ, पसरट, उथळ, उघड्या तोंडाचा, हीच आपली वाडगा-कुंडी. तिला परदेशी नाव शोधायला नको आणि तिच्यासाठी कोणाच्या लग्नाचे भांडे फोडायला नको. लहान परळ करणारा हात मोठाही करू शकतो. त्याला कोणी सांगितले पाहिजे एवढेच.

आणि हे सांगणेच आपण विसरलो आहोत. आपल्याला मांडलेल्या वस्तूंतून निवडता येते. करवून घेता येत नाही. कसब्यातला कुंभारवाडा आणि मुंढव्याचे केशवनगर येथे आपण वर्षातून एकदा पणत्या घ्यायला जातो आणि त्या महाग असल्याची कुरकूर करून परततो. तेथे एकदा माप घेऊन जावे. तोंड दोन फूट, खोली दहा इंच, काठ जाड आणि किंचित बाहेर वळलेला, तळाला एक नव्हे तर तीन-चार भोके, आणि भोके मोकळी राहावीत म्हणून खाली ठेवायला तीन खापरी पाय. माप सांगायचे ते तयार कुंडीचे. कारण वाळताना आणि भाजताना माती आक्रसते, आणि किती वाढवून घडवायचे हे कुंभाराला ठाऊक असते. एवढे रुंद भांडे एका दमात चाकावर उतरत नाही. ते जरा सुकल्यावर आतून गोळा धरून बाहेरून थापीने थोपटत वाढवावे लागते, आणि सावलीत सावकाश वाळवावे लागते, नाहीतर तडकते. म्हणून घाई चालत नाही. पावसाळ्यात काम वाळत नाही, आणि गणपतीपासून दिवाळीपर्यंत कुंभाराला मान वर करायला फुरसत नसते. दिवाळी उलटली की जावे, दोन करायला सांगावे, दोहोंचे पैसे द्यावे. एक भट्टीत गेली तर गेली.

मातीची कुंडी फुटते, हा आक्षेप आम्ही ऐकून आहोत. फुटते. पण मातीची भिंत पाणी झिरपू देते, उन्हाळ्यात मुळे गार ठेवते, आणि फुटली तर तिची खापरे दुसऱ्या कुंडीच्या भोकांवर ठेवायला कामी येतात. ती जड असते हाही आक्षेप आहे. अशा मापाच्या कुंडीत सुमारे ४५ लिटर माती बसते आणि पाणी घातल्यावर तिचे वजन ६०-७० किलोपर्यंत जाते. तेव्हा आधी जागेवर ठेवावी आणि मग भरावी. किमतीचा आक्षेप मात्र आम्ही मानणार नाही. घंगाळाला तांब्याच्या भावाने पैसे मोजणारा माणूस कुंभाराशी घासाघीस करायला लागला, तर त्याला मातीची किंमत ठाऊक नाही असे नव्हे. त्याला हाताची किंमत द्यायची नाही.

ज्याला दारात तांबेच हवे आहे, त्यानेही निराश होण्याचे कारण नाही. त्याने तांबट आळीत जाऊन नवे घंगाळ घडवून घ्यावे, किंवा जुने घ्यावे, पण अखंड घ्यावे. चिंचेने घासावे, दारात ठेवावे आणि त्यात पाणी भरावे. झेंडू, शेवंती, गुलाबाच्या पाकळ्या, जे मिळेल ते वर सोडावे. पाणी रोज बदलावे, कारण डेंग्यूचा डास आठवडा-दहा दिवसांत साचलेल्या पाण्यातून उडून जातो आणि त्याला घंगाळ आणि टायर यांतला फरक कळत नाही. रोज पाणी बदलणे हे कष्टाचे आहे खरे. पण घंगाळ असलेल्या घरात रोज ते भरावे लागे आणि रोज रिकामे करावे लागे. हे कष्ट वगळून नुसता त्याचा रंग तेवढा दारात हवा, असे म्हणता येणार नाही.

ज्यात पाणी राहावे ते भांडे. ज्यातून पाणी जावे ती कुंडी. पहिले तांबट करतो, दुसरी कुंभार करतो, आणि या शहरात अजून दोघेही पायी जाता येईल अशा अंतरावर आहेत. त्यांच्याकडे गिऱ्हाईक म्हणून जाणारी माणसे हवी आहेत. भोक पाडायचे यंत्र तोवर बाजूला ठेवावे.